रोझरी रोज होते, पण देवाचं प्रेम जाणवत नाही: पुन्हा सुरुवात कुठून करावी?

सांजदिवा (धागाकर्ती)
रोझरी (जपमाळ) रोज होते, रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकत नाही, वर्षाकाठी दोन-तीन नोव्हेनाही (नऊ दिवसांच्या प्रार्थना) पार पडतात. तरी कुणी विचारलं, "देव तुमच्यावर प्रेम करतो हे कशावरून?" तर पाठ केलेलं उत्तर तेवढं बाहेर पडतं. कॅथलिक घरांतून ही अवस्था इतकी सर्रास दिसते की तिच्यावर कधीतरी धागा निघायलाच हवा होता.

प्रश्न दोन आहेत. एक, भक्ती हजेरीपटावरच्या सहीसारखी झाली असेल तर तिच्यात देवाचं प्रेम पुन्हा सापडावं म्हणून नेमकं काय करायचं? दोन, ते सापडू लागलं की इतरांना कसं सांगायचं, म्हणजे समोरचा घड्याळाकडे बघणार नाही?

विनंती: आत्मचरित्र नको, कृती सांगा. किती वेळ, कोणत्या क्रमाने, कुठे बिघडतं आणि का.

रानपाखरू
रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येऊ द्या.

अक्षरओळ
पहिली सूचना ऐकून अनेकांना धक्का बसेल: नवीन भक्ती सुरू करू नका. कोरडेपणा आला की लोक आणखी एक नोव्हेना अंगावर घेतात आणि आठवड्याभरात दमतात. बायबलमधलं १ योहान ४:१० पाहा. आपण देवावर प्रेम केलं हा तिथला मुद्दाच नाही, त्याने आधी केलं हा आहे. म्हणून सुरुवात बोलण्याने न करता ऐकण्याने करावी.

ऐकण्याची जुनी रीत म्हणजे लेक्सिओ दिविना. बाराव्या शतकात गिगो दुसरा या कार्थुसियन (एकांतवासी साधूंच्या संघातल्या) मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. रोज १५ मिनिटं पुरतात.

बायबलमधला उतारा ६ ते १० ओव्यांचा (वचनांचा) घ्या. पहिल्यांदा सावकाश वाचा, ओठ हलले तरी चालतील. दुसऱ्यांदा वाचताना ज्या शब्दाशी मन अडेल तिथे थांबा. पुढे जायची घाई नको, उतारा संपवणं हे कामच नाही. मग तो शब्द घेऊन देवाशी बोला: आभार, तक्रार, मागणं, जे असेल ते. शेवटची तीन-चार मिनिटं काही न बोलता बसा.

कुठे बिघडतं? एक, अख्खा अध्याय वाचायला घेतात. दोन, हातात पेन्सिल घेऊन त्याचा अभ्यास करतात. अभ्यास चांगलाच, पण तो वेगळ्या वेळी. तीन, आणि हे सर्वांत जास्त, मनन झालं की उठतात. प्रार्थनेची पायरी राहूनच जाते. देवाबद्दल विचार झाला, देवाशी बोलणं झालं नाही. चार, डोळे मिटून कुठलंही पान उघडतात आणि वंशावळ समोर येते.

पहिल्या पाच दिवसांसाठी उतारे: यशया ४३:१–७, होशेय ११:१–९, लूक ७:३६–५०, लूक १५:११–२४, योहान २१:१५–१९. लांब उताऱ्यांचे दोन दिवस करा. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप त्याला दुरून पाहतो आणि धावतो, त्या एकाच ओवीवर अख्खा दिवस गेला तरी वाया गेला नाही.

जपमणी
@अक्षरओळ, पटलं, पण अर्धवट. दमलेल्या माणसाला १५ मिनिटं पुस्तक घेऊन बस म्हणाल तर दोन मिनिटांत पेंगेल. हाताला आणि ओठांना काम लागतं, रोझरीची सोय त्यासाठीच आहे. ती टाकायला सांगू नका, तिचा वेग सांभाळायला सांगा.

पाच दशकांची (दहा-दहा नमो मारियांच्या पाच गटांची) रोझरी नीट म्हटली तर १८ ते २० मिनिटं लागतात. दहा मिनिटांत संपत असेल तर शब्द गिळले जात आहेत. माळेत ५९ मणी: ५३ लहान, ६ मोठे. क्रुसावर प्रेषितांचा विश्वासांगीकार, मोठ्या मण्यावर 'आमच्या स्वर्गीय बापा', पुढच्या तीन लहान मण्यांवर विश्वास, आशा आणि प्रीती यांसाठी 'नमो मारिया', मग पाच दशकं. एवढं सगळ्यांना येतं. मधली जागा राहते ती रहस्याची, म्हणजे त्या दशकात मनन करायच्या येशू-मारियेच्या जीवनातल्या प्रसंगाची. रहस्याचं नाव घेतलं आणि लगेच 'आमच्या स्वर्गीय बापा' सुरू केलं तर पुढच्या दहा नमो मारियांना धरायला काहीच उरत नाही.

२००२ च्या ऑक्टोबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीवर पत्र लिहिलं. प्रकाशाची पाच रहस्यं त्यातच आली. पण त्याच पत्रातल्या साध्या सूचना कुणी वाचत नाही: रहस्याचं नाव घ्या, शुभवर्तमानातली एखादी ओवी वाचा, थोडी शांतता ठेवा, मग प्रार्थना. ही शांतता १५ ते २० सेकंदांची ठेवली तर पाच दशकांत जेमतेम दीड मिनिट वाढतं. शिवाय येशूच्या नावानंतर रहस्याशी जुळणारे दोन-तीन शब्द जोडायची काही ठिकाणची रीतही त्यात सांगितली आहे: "…येशू, जो आमच्यासाठी क्रूस वाहतो". मन भरकटणाऱ्यांना याने फार मदत होते.

वार: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. पाच दशकं झेपत नसतील तर एकच म्हणा, पण नीट म्हणा.

चष्मिष्ट
सामूहिक रोझरीत मात्र वेगळाच खेळ चालतो. पुढारी नव्या नमो मारियाच्या सुरुवातीच्या 'कृपापूर्णे'पर्यंत पोहोचतो तेव्हा मागची मंडळी अजून मागच्या नमो मारियाच्या शेवटच्या 'मरणाच्या वेळी'त असतात. दोन गट एकमेकांना कधीच भेटत नाहीत. (हलकं घ्या.)

जपमणी
:) उपाय आहे. पुढाऱ्याने मागच्यांचा 'आमेन' पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि सर्वांत हळू बोलणाऱ्या वयस्क माणसाला पुढारी करा. आपोआप ताल बसतो.

कोरडीविहीर
वरचे दोन्ही उपाय चांगले, पण औषध देण्याआधी दुखणं ओळखा. कोरडेपणा एकाच प्रकारचा नसतो. संत इग्नेशियसने (१४९१–१५५६) आत्मिक उदासीची तीन कारणं दिली आहेत: आपला स्वतःचा हलगर्जीपणा, देव आपली पारख करतो ती, आणि सांत्वन हे आपल्या कमाईचं नसून देणगी आहे हे आपल्याला कळावं म्हणून.

पहिलं कारण असेल तर ते तपासून दुरुस्त करायचं. प्रार्थना सर्वांत शेवटी, अंथरुणात, फोन बाजूला ठेवता ठेवता होत असेल तर तिथून सुरुवात. लपवलेलं गंभीर पाप असेल तर कुमसार (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली). उरलेल्या दोन कारणांत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, टिकून राहायचं असतं.

इग्नेशियसचे दोन नियम भिंतीवर लावावेत असे आहेत. उदासीच्या काळात आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. 'ही रोझरी आपल्याला लाभत नाही, सोडून देऊ' हा निर्णय नेमका वाईट दिवशीच सुचतो. दुसरा याहून मजेदार: प्रार्थना जड जात असेल तेव्हा ठरल्या वेळेहून थोडं जास्त बसा. १५ मिनिटं ठरली असतील तर सोळा. पळून जायची सवय मोडते.

मन भरकटतं त्याबद्दल: भरकटलेल्या विचारामागे काठी घेऊन धावू नये, म्हणजे आपण त्याच्याच जाळ्यात अडकतो, असं कॅथलिक चर्चची धर्मशिक्षा (श्रद्धेच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक) सांगते. फक्त परत यायचं. शंभरदा गेलं तर शंभरदा.

आणि एक गंभीर बाब. झोप उडाली आहे, भूक नाही, कशातच रस उरला नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर त्याला आत्मिक कोरडेपणा म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांकडे जा. प्रार्थना आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत.

उगाच_एक
कुमसाराचा विषय निघालाच आहे तर विचारतो. बऱ्याच वर्षांनी जाणाऱ्याला सूत्रंही आठवत नसतात. त्याने काय करायचं? "शब्द चुकले तर?" या लाजेपायी लोक जातच नाहीत.

तराजू
शब्द चुकल्याने काहीही अडत नाही. आत गेल्यावर पहिलं वाक्य हे: "फादर, शेवटचा कुमसार अमुक वर्षांपूर्वी झाला, पद्धत आठवत नाही, मदत करा." पुढचं ते विचारून विचारून करून घेतात.

तयारीला २० मिनिटं द्या. सुरुवात पापांच्या यादीने करू नका. आधी देवाने दिलेल्या दोन-तीन गोष्टींचे आभार, मग दहा आज्ञा एकेक घेऊन पाहणं. गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगायची असते. नेमकी संख्या आठवत नसेल तर 'महिन्यातून साधारण दोनदा, तीनेक वर्षं' एवढं पुरतं. क्षुल्लक पापं सांगणं बंधनकारक नाही, पण चर्च ते आवर्जून सुचवतं. मग पश्चात्तापाची प्रार्थना, धर्मगुरूंचं पापमोचन, आणि दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी पूर्ण करणं. ते उद्यावर टाकलं की विसरतं.

नेहमीच्या चुका:
पापाऐवजी त्याची कथा सांगणं. सासू, साहेब, शेजारी सगळे येतात, आपण मात्र त्यात कुठेच नसतो.
लाजेने एखादं गंभीर पाप मुद्दाम लपवणं. याने अख्खा कुमसारच अवैध ठरतो. विसरलं असेल तर गोष्ट निराळी. ते क्षमेत धरलेलं असतं, पुढच्या वेळी सांगायचं.
तेच क्षमा झालेलं पाप दर खेपेला पुन्हा उकरणं. हा शंकेखोर विवेकाचा आजार. यावर एकच उपाय चालतो: एक धर्मगुरू ठरवा आणि ते 'पुरे' म्हणाले की ऐका.

गुप्ततेची चिंता असते त्यांच्यासाठी: कुमसारात ऐकलेलं धर्मगुरूंना शब्दाने किंवा खुणेनेही उघड करता येत नाही. ते प्रत्यक्ष उघड करणाऱ्यावर बहिष्काराची शिक्षा आपोआप लागू होते.

देवाचं प्रेम पुन्हा सापडायची माझ्या मते सर्वांत जवळची वाट हीच आहे. बाकीच्या भक्तींत आपण बोलत असतो. इथे देवाची क्षमा कानांनी ऐकू येते.

सांजदिवा
@तराजू, शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.
पहिल्या शुक्रवारांबद्दलही कुणी सांगा ना. नऊ पूर्ण केले की झालं, असा एक समज आहे.

नवमी
झालंच की! सलग नऊ महिने, पहिल्या शुक्रवारी कम्युनियन (मिस्सेत पवित्र भाकरी घेणं). एक चुकला तर पुन्हा एकपासून. मरताना पश्चात्तापाची कृपा मिळते असं वचन आहे. स्वच्छ हिशेब.

तराजू
@नवमी, हिशेब म्हटलं की गडबड सुरू झाली.

फ्रान्समधल्या पॅरे-ल-मोनियाल इथल्या मठात १६७३ ते १६७५ या काळात संत मार्गारेट मेरी अलाकोक हिला येशूच्या पवित्र हृदयाची दर्शनं झाली. तिथली मुख्य तक्रार 'माझ्या प्रेमाला थंड प्रतिसाद मिळतो' अशी आहे. नऊ शुक्रवार हे त्या थंडपणावरचं औषध. ते आटोपून पुन्हा थंड व्हायचं असेल तर औषध कशाला घेतलं? शिवाय हे खासगी प्रकटीकरण आहे. चर्चने मान्य केलेलं, पण श्रद्धेच्या मूळ ठेव्याचा भाग नव्हे. कुणावर सक्ती नाही.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी क्रम असा. आदल्या आठवड्यात कुमसार (कम्युनियन कृपावस्थेतच, म्हणजे कबूल न केलेलं गंभीर पाप नसतानाच घ्यायची असते, हे लोक विसरतात). गुरुवारी रात्री जमल्यास पवित्र तास; मार्गारेट मेरीला ११ ते १२ ही वेळ सांगितली गेली होती, गेथशेमाने बागेतल्या येशूच्या सोबतीसाठी. एवढं जागणं झेपत नसेल तर अलीकडची वेळ धरा. शुक्रवारी मिस्सा, आणि कम्युनियननंतर किमान दहा मिनिटं जागेवर बसून राहणं. 'शेवटचं गीत संपलं की पार्किंग' ही सवय इथे मोडावी लागते.

पवित्र हृदयाचा सण पेन्टेकॉस्टनंतर (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या रविवारनंतर) १९ व्या दिवशी, शुक्रवारी येतो. पायस नववे यांनी १८५६ मध्ये तो सगळ्या चर्चला लागू केला. आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच हृदयावर विश्वपत्र काढलं. म्हणजे ही आजीबाईंची भक्ती म्हणून बाजूला सारायची गोष्ट नाही.

नवमी
आजीबाईंना काही बोलायचं काम नाही हं. पण मुद्दा कळला. हिशेब मागे घेते, शुक्रवार ठेवते.

चष्मिष्ट
"ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, रात्री बारापर्यंत चमत्कार होईल, साखळी तोडणाऱ्याचं…" हा प्रकारही भक्तीतच धरायचा का? विचारतोय एका साखळीतोड्यासाठी.

कोरडीविहीर
बिनधास्त तोडा. प्रार्थनेचं फळ आतल्या वृत्तीवर अवलंबून न ठेवता नुसत्या बाह्य कृतीला चिकटवणं याला धर्मशिक्षेत सरळ अंधश्रद्धा म्हटलं आहे. शापाची धमकी देणारा देव तो नव्हेच. ही प्रेम 'वाटण्या'ची रीत नाही, भीती पुढे ढकलण्याची आहे.

धूपदाणी
दैवी दयेच्या माळेबद्दल कुणीच कसं बोललं नाही? कोरडेपणातल्या माणसाला ती सर्वांत सोपी. नेहमीच्या रोझरीवरच म्हणतात, सात-आठ मिनिटांत होते. सुरुवातीला 'आमच्या स्वर्गीय बापा', 'नमो मारिया' आणि विश्वासांगीकार. मोठ्या मण्यावर ख्रिस्ताचं शरीर, रक्त, आत्मा आणि देवत्व पित्याला अर्पण करायचं. लहान मण्यावर त्याच्या दुःखसहनापायी आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया मागायची. शेवटी 'पवित्र देवा, पवित्र सर्वसमर्था…' तीनदा. वेळ दुपारी तीनची, येशूच्या मरणाची. पण ही माळ इतर वेळीही म्हणता येते.

संत फॉस्टिना (१९०५–१९३८) या पोलिश सिस्टरची ही देणगी. १९५९ मध्ये रोमने तिने सुचवलेल्या रूपातल्या या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली होती, ती १९७८ मध्ये उठली आणि २००० साली फॉस्टिना संत जाहीर झाली. 'माझी प्रार्थना नाकारली गेली' म्हणून खचणाऱ्यांनी ही तारखांची रांग जरूर बघावी.

उगाच_एक
एका धाग्यात लेक्सिओ, रोझरी, नऊ शुक्रवार, पवित्र तास, दयेची माळ. आता नोकरी सोडावी म्हणतो.

अक्षरओळ
म्हणून तर पहिल्याच प्रतिसादात नवीन काही घेऊ नका म्हटलं होतं. :)

संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी १६०९ मध्ये हेच बजावलं. बिशपने कार्थुसियन साधूसारखं एकांतात राहावं, किंवा संसारी माणसाने साधूसारखी पैशाअडक्याची फिकीर सोडावी, ही भक्ती नव्हे, गोंधळ आहे. ज्याची त्याची भक्ती त्याच्या कामाला, ताकदीला आणि जबाबदाऱ्यांना मानवणारी हवी. लहान बाळ सांभाळणाऱ्या आईला रोजचा आराधनेचा तास (चर्चमध्ये पवित्र भाकरीपुढे तासभर बसणं) सांगणारा माणूस प्रार्थना शिकवत नाही, तिला अपराधी वाटायला लावतो.

निवड अशी करा: मिस्सा आणि कुमसार हा पाया, तो निवडीचा विषय नाही. त्यावर रोजची एक भक्ती. फक्त एक. आणि भक्ती मिस्सेची जागा घेत असेल तर तिथे थांबा. मिस्सा चालू असताना रोझरी म्हणत बसणं ही चूक असल्याचं पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्येच लिहिलं होतं. मागच्या बाकांवर ते पत्र अजून पोहोचायचं आहे.

धूपदाणी
मान्य. तरी महिन्यातून एकदा आराधनेचा तास सुचवतेच, कारण तिथे करण्यासारखं फारसं काही नसतं, आणि ज्याची भक्ती यांत्रिक झाली आहे त्याला 'काही न करणं' हेच शिकायचं असतं. लोक घाबरतात ते 'तासभर करू काय?' म्हणून.

प्रवेश करताना गुडघा टेकून वंदन. १९७३ च्या विधीनुसार एक गुडघा पुरतो. दोन्ही टेकण्याची जुनी रीत पाळणाऱ्याला अडवू नका. पहिली दहा मिनिटं शरीर स्थिर होण्यात जातात, ती वाया गेली समजू नका. पुढची १५ मिनिटं एक उतारा. मग २० मिनिटं शांत, डोळे पवित्र भाकरीकडे. मन फिरलं की येशूचं नाव घ्यायचं. मग दहा मिनिटं इतरांसाठी, नावं घेऊन. शेवटची पाच आभाराची. सोबत एकच पुस्तक न्या. चार नेलीत की वाचनालय होतं.

गुडघे दुखत असतील तर बसा, त्याने आराधना कमी होत नाही. मॉन्स्ट्रन्समध्ये (दर्शनासाठीच्या पात्रात) मांडलेलं पवित्र साक्रामेंत, म्हणजे पवित्र भाकरी, मिळत नसेल तर बंद टॅबर्नॅकलपुढे (ती ठेवायच्या पेटीपुढे) बसा, तिथेही तोच येशू आहे. आणि आयोजकांसाठी: मांडलेल्या साक्रामेंतापुढे सतत कुणीतरी हवंच. तासांची यादी करताना प्रत्येक तासाला दोन नावं लिहा, एक जण हमखास उशिरा येतो.

बिनपत्त्याचा
इतका वेळ नुसता वाचत होतो. पहिल्या प्रश्नाशी भांडण नाही, दुसऱ्याशी आहे. 'इतरांना सांगायचं' म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या गळी उतरवणंच ना? ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी राहू द्या.

तराजू
आक्षेप रास्त आहे, आणि चर्चचे नियम तुमच्याच बाजूचे आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरची घोषणा काढली. कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा घ्यायला लावण्याची मनाई धर्मकायद्याच्या कलम ७४८ मध्ये आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे २००५ मध्ये याहून पुढे गेले: सेवाकार्य हे धर्मप्रसाराचं साधन म्हणून वापरायचं नाही, देवाबद्दल कधी बोलावं आणि कधी गप्प राहून नुसतं प्रेम बोलू द्यावं हे ख्रिस्ती माणसाला कळतं.

म्हणजे आमिष नाही, भीती नाही, दुःखातल्या माणसाची अडचण साधणं नाही. पण विचारलं तर लपवणंही नाही. १ पेत्र ३:१५ मध्ये दोन्ही एकत्र आहेत: आशेचं कारण सांगायला तयार राहा, आणि ते सौम्यतेने, आदराने सांगा.

बिनपत्त्याचा
असं असेल तर तक्रार नाही. प्रत्यक्षात मात्र सौम्यता कुठेतरी वाटेत गळते.

ओसरी
गळते, कारण लोक क्रम उलटा लावतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये एका माणसाने दुसऱ्याला सांगण्याचा क्रम दिला आहे. आधी संवाद: समोरचा त्याचा आनंद, आशा, काळज्या बोलतो आणि आपण ऐकतो. मगच देवाचं वचन, तेही एखादी ओवी किंवा एखादी गोष्ट. आणि योग्य वाटलं तर शेवटी त्याने सांगितलेल्या चिंतेला धरून छोटी प्रार्थना. बहुतेक जण प्रार्थनेपासून सुरू करतात आणि ऐकण्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

प्रत्यक्षात असं करा.

ऐकताना सल्ला देऊ नका. तो थांबला की 'अजून काही?' विचारा. खरी गोष्ट बहुधा त्यानंतर येते.

बोलायची वेळ आली तर दोन मिनिटांच्या आत आटपा. 'देव प्रेम करतो' असं मोघम सांगण्याऐवजी एकच ठोस गोष्ट सांगा: क्षमा मिळाली, भीती कमी झाली, भांडण मिटवायचं बळ आलं. जे झालंच नाही ते फुगवून सांगू नका, लोकांना ते लगेच कळतं.

प्रार्थनेची परवानगी विचारा: "आत्ता तुमच्यासाठी अर्धं मिनिट प्रार्थना केली तर चालेल?" नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा, चेहरा न पाडता. हो म्हणाले तर त्यांचं नाव, त्यांची नेमकी गरज, आमेन. प्रार्थनेतून प्रवचन देऊ नका. "हे प्रभू, याची दारू सुटू दे" असं त्याच्यासमोर म्हणणं म्हणजे देवाच्या नावाने त्यालाच टोमणा मारणं.

चर्चपासून दूर गेलेल्याशी बोलताना 'मिस्सेला का येत नाहीस?' हे पहिलं वाक्य कधीच नको. दूर जाण्यामागे बऱ्याचदा कुणीतरी दुखावलेलं असतं. ते आधी ऐका, आणि चर्चच्या माणसाची चूक असेल तर तिला चूक म्हणा. बोलावायचंच असेल तर छोट्या गोष्टीला बोलवा, आणि 'ये' म्हणून पाठवण्यापेक्षा 'चल, बरोबर जाऊ' म्हणा.

शोकातल्या घरी 'देवाची इच्छा', 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात' ही वाक्यं बंद. लाजराच्या थडग्यापाशी येशू रडला, व्याख्यान दिलं नाही. आजाऱ्याकडे १०–१५ मिनिटं बसा, उभ्याने बोलू नका, आणि निघताना पुढचा दिवस सांगा. सांगितलेल्या दिवशी जा. पहिल्या भेटीला बरेच जातात, दुसरीला कुणी नसतं.

आणि ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. 'अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरी असं असं झालंय' हे प्रार्थनागटातलं वाक्य अनेकदा नुसती चहाडी असते.

चष्मिष्ट
शेवटच्या परिच्छेदावर अनेक प्रार्थनागट शांतपणे धागा सोडून गेले.

नवमी
@ओसरी, घरातल्या मुलांना कसं सांगायचं? रोझरीला बसवलं की दुसऱ्या दशकाला लोळतात.

ओसरी
लहानांना पाच दशकं हा त्यांच्यावर आणि तुमच्यावरही अन्याय आहे. एक दशक, पाच ते सात मिनिटं, रोज एकाच वेळी. मेणबत्ती पेटवणं, रहस्य सांगणं, मणी मोजणं ही कामं मुलांना वाटून द्या. आधी प्रत्येकाने दिवसातल्या एका गोष्टीचे आभार मानायचे. शिक्षा म्हणून प्रार्थना कधीही लावू नका. 'भांडलात ना, म्हणा आता दहा नमो मारिया' यातून मुलं नमो मारियाचाच राग धरतात.

लोळली तर लोळू द्या. लिझ्युची संत तेरेसा (१८७३–१८९७) प्रार्थनेत झोपून जायची आणि मूल झोपलेलंही आईबापाला आवडतंच, असं म्हणायची. पुढे मठाबाहेर पाऊल न टाकलेल्या याच बाईला चर्चने १९२७ मध्ये मिशनकार्याची आश्रयदाती केलं. @बिनपत्त्याचा, 'इतरांना सांगणं' म्हणजे दारोदार फिरणंच असं नव्हे, याला ती साक्षीदार.

बिनपत्त्याचा
ही बाई आवडली.

सांजदिवा
खूप मिळालं, सर्वांचे आभार. पण माझ्या शीर्षकातला शब्द 'जाणवत नाही' असा आहे आणि तो मधेच सुटला. हे सगळं केल्यावर जाणवेल का?

कोरडीविहीर
जाणवेलच असं सांगणारा फसवतो. प्रेम इच्छेत असतं. भावना येतात, जातात.

अक्षरओळ
थोडा असहमत. भावनेची हमी नाही हे खरं, पण 'भावना नकोच' असं म्हणणं ही दुसरी टोकाची चूक. इग्नेशियस स्वतः सांत्वन मागायला सांगतो. मागावं, मिळालं तर घ्यावं, नाही मिळालं तर बसून राहावं. आणि बऱ्याचदा प्रेम येऊन गेलेलं असतं, आपलं लक्ष नसतं. त्यासाठी रात्रीचं परीक्षण आहे, दहा मिनिटांचं.

त्याच्या पाच पायऱ्या इग्नेशियसने लिहिल्या आहेत आणि क्रम मोलाचा आहे. आधी मिळालेल्या गोष्टींचे आभार. मग स्वतःला खरं पाहता यावं म्हणून कृपा मागणं. मग सकाळपासून एकेक तास पाहणं. मग क्षमा. मग उद्याचा निश्चय आणि 'आमच्या स्वर्गीय बापा'. बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात, म्हणून परीक्षण म्हणजे रोज रात्रीची खरडपट्टी होऊन बसते आणि पंधरवड्यात बंद पडते. आभाराला निदान तीन मिनिटं द्या, आणि आभार ठोस हवेत. 'सर्व काही दिलंस' असं मोघम नको. आज कोण, केव्हा, काय. त्यातली एक ओळ वहीत लिहा. महिन्याने ती पानं एका बैठकीत वाचा.

कोरडीविहीर
एवढ्यावर तह करायला तयार आहे. :) वहीत कोरडे दिवसही लिहा मात्र. पुढचा कोरडा काळ आला की मागचा कसा संपला ते वाचता येतं.

सांजदिवा
ठीक. रोजची एक भक्ती म्हणून रोझरीचं एक दशक, ओवी आणि शांततेसह. रात्री दहा मिनिटं परीक्षण. या शनिवारी कुमसार. दुसऱ्या प्रश्नापुरतं फक्त ऐकणं.

जाता जाता एक किरकोळ शंका: माळेची साखळी तुटली आणि दुरुस्त केली तर पुन्हा आशीर्वाद घ्यावा लागतो का?

जपमणी
नाही. साखळी बदलली किंवा दोन-चार मणी नवे घातले तरी माळ तीच राहते, आशीर्वाद जात नाही. ती पूर्ण नष्ट झाली किंवा विकली तरच जातो. दुरुस्त करताना दशकात दहाच मणी आहेत ना तेवढं मोजा. अकरा असले की समूहात पुढाऱ्याची फार पंचाईत होते.